पत्रातील विनय, पेढीची पत

सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर हरिहरेश्वर आहे. बागमांडल्याची फेरीबोट ओलांडली की पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. श्रीवर्धन तालुक्याचे हे दक्षिण टोक नारळ-सुपारीच्या बागांनी वेढलेले असून श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात आजही नावाने मागितली जाते. याच परिसराशी मराठी पत्रव्यवहाराच्या इतिहासातील एका थोर दफ्तराचे नाते आहे. हरिहरेश्वर हे पेशव्यांच्या भट घराण्याचे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ शेजारच्या श्रीवर्धनचे. 1713 साली ते शाहू महाराजांचे पेशवे झाले. तेव्हापासून 1818 पर्यंत या घराण्याच्या कारभारातून जी पत्रे, याद्या आणि हिशेब निर्माण झाले, त्यांचा प्रचंड साठा पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही जतन केलेला आहे.

त्या काळच्या मराठी पत्राची अंगे ठरलेली असत. माथ्यावर ‘श्री’. त्याखाली ज्याला पत्र लिहायचे त्याचा मान: प्रतिष्ठित गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’, विद्वान ब्राह्मणास ‘वेदशास्त्रसंपन्न’, मोठ्या सरदारास किंवा अधिकाऱ्यास ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत’. यालाच मायना म्हणत. पुढे लिहिणाऱ्याचे नाव व नमस्कार, स्वतःचे कुशल कळवून समोरच्याचे कुशल विचारणे, आणि ‘विशेष’ या शब्दानंतर कामाचा मजकूर. शेवटी लोभाची विनंती आणि पत्र संपल्याची मोर्तब. पत्र हाती आले की घेणारा त्यावर ‘पै॥’, म्हणजे पैवस्ती, अशी खूण करून पोचल्याचा दिवस मांडीत असे. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई, मग पेशव्यांचे.

मायना म्हणजे केवळ शोभा, अशी समजूत आज रूढ आहे. वस्तुतः या प्रत्येक अंगाला काम होते. कोणाला लिहिले व कोणत्या नात्याने लिहिले, हे मायन्यावरून कळे. कोणी लिहिले, हे नमस्कारावरून कळे. मोर्तब उठल्यावर खाली कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. पत्र केव्हा पोचले यावर पुढे वाद निघाला तर पैवस्तीची नोंद साक्षीला उभी राही. विनय आणि दक्षता या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

हुंडीची शिस्त

सावकारी पेढ्यांनी ही शिस्त अधिक काटेकोर केली. हुंडी हे मूलतः एक पत्रच. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला नमस्कारपूर्वक लिहिलेले, अमुक रक्कम अमुक दिवशी द्यावी असे सांगणारे. तिच्यात रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, आणि पुन्हा निम्मी रक्कम सांगून तिची दुप्पट द्यावी असेही लिहीत. पाचशेची हुंडी असेल तर ‘अडीचशेचे दुप्पट’ हे शब्द येत. एका आकड्यात कोणी खाडाखोड केली तरी उरलेले दोन उल्लेख खोटेपणा उघड करीत. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यावयाचे असत. मूळ हुंडी हरवल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून देण्याची सोय होती.

हुंडीच्या व्यवहारातील ‘जिकरी चिठ्ठी’ विशेष स्मरणात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती नाकारली, तर त्याच गावातील दुसऱ्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याने ती सकारावी, अशी विनंती करणारी ही चिठ्ठी असे. परगावी गेलेल्या माणसाची भर बाजारात फजिती होऊ नये, याची तजवीज ती लिहिणाऱ्याने आधीच केलेली असे. आजही 1881 च्या पराक्राम्य संलेख कायद्यानुसार धनादेशावरील आकडा व अक्षरी रक्कम यांत तफावत आली तर अक्षरी रक्कमच खरी मानली जाते. जुन्या पेढ्यांनी अक्षराला दिलेला मान कायद्यानेही राखला आहे.

श्रावकाचे पत्र

जैन समाजाला पत्रातील विनय बाहेरून शिकावा लागलेला नाही. आचार्यांना चातुर्मासासाठी पाचारण करणारी विज्ञप्तिपत्रे हा जैन संघांचा स्वतंत्र ठेवा आहे. मंगलचिन्हे, नगराचे व बाजाराचे चित्रण, संघाची विनंती आणि श्रावकांची नावे असलेले हे लांबच लांब पट असत. 1610 साली आग्र्याच्या संघाने तपागच्छाचे आचार्य विजयसेनसूरी यांना पाठवलेले, चित्रकार शालिवाहनाने रंगवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या न व्हावी यासाठी जहांगीर बादशहाने काढलेल्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे.

धर्मशास्त्राने तर लेखणीवर थेट बंधन घातले आहे. साधूसाठी सांगितलेल्या पाच समितींत भाषासमिती येते, म्हणजे हितकर, परिमित आणि निःसंदिग्ध बोलणे. गृहस्थाच्या सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे दुसऱ्याची ठेव बुडवणे हे दोन स्पष्टपणे पेढीवरचे दोष आहेत. ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे दुसऱ्याची खासगी गोष्ट उघड करणे, हाही त्यांतलाच. व्यापारी पत्र लिहिणाऱ्या श्रावकाला याहून नेमकी आचारसंहिता मिळणे कठीण.

वसुलीचे पत्र

या आचारसंहितेची कसोटी लागते ती येणे मागताना. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन तालुक्यातील सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. अशा बागायतदाराला एखाद्या पेढीने हंगामापूर्वी उचल दिलेली असेल, तर त्या पेढीपुढे काय पेच उभा राहतो, याचा विचार करून पाहावा. पैसे मागावेत तर माणुसकी आड येते. न मागावेत तर उधारीची कायदेशीर मुदत, जी साधारणतः तीन वर्षांची असते, सरत जाते. बहुतेक पेढ्या आधी संकोचाने गप्प बसतात आणि मुदत संपत आली की घाईघाईने कठोर शब्दांत लिहितात. पैसा आणि संबंध दोन्ही त्यामुळे गमावण्याची वेळ येते.

‘पैसे ताबडतोब पाठवा, नाहीतर वकिलाकडे जावे लागेल’ हा फोनवरील एका ओळीचा निरोप लिहायला सोपा. त्यात बाकी किती ते नाही, कशाची ते नाही, समोरच्याच्या संकटाची दखल नाही आणि उत्तराला वाट नाही. त्याऐवजी पुढील पत्र पाहावे. प्रसंग कल्पित आहे, नमुना मात्र कोणत्याही पेढीला वापरता येईल.

जावक क्र. 47
दिनांक : (दिवस, महिना, वर्ष)

श्री. (स्वतःचे, वडिलांचे नाव व आडनाव),
(आळीचे नाव), मु. पो. हरिहरेश्वर,
ता. श्रीवर्धन, जि. रायगड, पिन 402110

विषय : सुपारीपोटी दिलेल्या उचलीची बाकी

सप्रेम नमस्कार वि. वि.

वादळात आपल्या बागेची मोठी हानी झाल्याचे कळून वाईट वाटले. घरातील सर्व मंडळी सुखरूप असतील अशी आशा आहे.

पेढीच्या वहीप्रमाणे आपणास उचल रु. 1,20,000 दिली होती. त्यानंतर आपल्याकडून आलेल्या सुपारीची किंमत रु. 45,000 आपल्या खाती जमा केली. बाकी रु. 75,000, अक्षरी रुपये पंच्याहत्तर हजार फक्त, आपल्या नावे निघते. आपल्या नोंदीत फरक असल्यास अवश्य कळवावे; दोन्हींकडील नोंदी ताडून पाहता येतील.

रक्कम एकदम मागण्याचा हेतू नाही. आपणास झेपतील असे हप्ते आणि पहिल्या हप्त्याचा दिवस आपणच सुचवावा. बाकी मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर तसे लिहून, सही व तारीख घालून ती परत पाठवावी. तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(सही, संपूर्ण नाव, हुद्दा, पेढीचे नाव)

या पत्रात दया आहे आणि हिशेबही चोख आहे. त्यातील शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. मुदत कायदा, 1963 याच्या कलम 18 नुसार मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी व सहीनिशी देणे मान्य केले, तर सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. धनकोने कितीही स्मरणपत्रे पाठवली तरी मुदत वाढत नाही. ती वाढते ऋणकोच्या सहीने. म्हणजे बागायतदाराच्या एका सहीने त्याला उसंत मिळते आणि पेढीचे येणेही शाबूत राहते. जेथे सौम्य पत्राने हे साधते, तेथे कठोर पत्राला कोणी सही करून देत नाही. मुदत एकदा संपून गेल्यावर मात्र या कलमाचा उपयोग होत नाही. म्हणून असे पत्र वेळेत, किंबहुना दरवर्षी वह्या बंद करताना, जावे हे इष्ट.

उत्तर आल्यावर श्रावकाची दुसरी परीक्षा असते. समजा, बागायतदाराने विसरून ऐंशी हजारांची बाकी मान्य करून पाठवली आणि वहीत पंच्याहत्तर हजारच आहेत. गप्प राहिले तर पाच हजार लाभतात. ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी मागू लागला असता ‘तेवढीच होती’ असे म्हणणे, हे न्यासापहाराचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. दुसऱ्याच्या विस्मरणाचा लाभ घेणारे मौनही त्याच जातीचे. त्याच दिवशी दुरुस्तीचे पत्र जावे. मागील तारीख घालून पत्र लिहिणे, सहीच्या वर कोरी जागा सोडून पुढे ती भरणे, पोच न मिळालेल्या पत्राची पोच दाखवणे, हे सारे कूटलेखक्रियेत मोडते, मग त्यातून कोणाचे नुकसान झालेले असो वा नसो.

देणेकऱ्यालाही शिष्टाचार आहे. पैसे हाती नाहीत म्हणून पत्राला उत्तर न देणे हा देण्याहून मोठा दोष समजला जातो. आठ दिवसांत ‘पत्र मिळाले, अमुक महिन्यात अमुक रक्कम देता येईल’ एवढे दोन ओळींचे उत्तर गेले, तरी बाजारातील पत टिकते.

पाकिटावरचा पत्ता

पत्रातील मजकूर कितीही उत्तम असला तरी पत्ता चुकला की सारे व्यर्थ. कोकणातील एका गावात एकाच नावाआडनावाचे चार गृहस्थ असणे नवलाचे नाही. म्हणून वडिलांचे नाव आणि आळी किंवा पाखाडी लिहिणे आवश्यक. टपाल कार्यालय त्याच गावात असेल तरच ‘मु. पो.’ एकत्र लिहावे. अन्यथा मुक्कामाचे गाव आणि पोस्टाचे गाव वेगवेगळे लिहावे. जुन्या वह्यांत ‘जि. कुलाबा’ असे पत्ते सापडतात; 1981 पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड आहे. छत्तीसगडमध्ये रायगढ नावाचा जिल्हा आहे, त्यामुळे इंग्रजीत पत्ता लिहिताना स्पेलिंगकडे विशेष लक्ष असावे. अशा घोटाळ्यांवरचा उपाय म्हणजे पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने ही योजना आखली आणि 15 ऑगस्ट 1972 रोजी ती देशात सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिले तीन टपालाला योग्य जिल्ह्याकडे वळवतात, शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय सांगतात.

पत्त्याला कायद्यातही वजन आहे. सर्वसाधारण परिभाषा अधिनियम, 1897 याच्या कलम 27 नुसार कायद्याने टपालाने बजावायची नोटीस योग्य पत्ता लिहून, पूर्ण हशील भरून, नोंदणीकृत टपालाने पाठवली, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती पोचली असे मानले जाते. धनादेश न वटल्याच्या प्रकरणात हे फार उपयोगी ठरते. तेथे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांची सवलत समोरच्याला असते. या सगळ्याचा पाया ‘योग्य पत्ता’ हे दोन शब्द आहेत. 2025 साली रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली असली, तरी पावती व पोच जपून जावक वहीत लावण्याची सवय पूर्वीसारखीच हवी. आलेल्या पत्रावर आल्याची तारीख टाकणे, म्हणजे जुनी ‘पैवस्ती’, ही तर प्रत्येक पेढीने पुन्हा सुरू करावी अशी रीत आहे.

कोणाला कसे

समधर्मी व्यापाऱ्यास ‘जय जिनेंद्र’ लिहिणे उचितच. परंतु अन्यधर्मीय ग्राहकास ‘सप्रेम नमस्कार’ अधिक आपुलकीचा वाटतो. समोरच्याच्या जागी उभे राहून पाहणे ही अनेकांतदृष्टी मायन्यातही उतरावी. शासकीय पत्र पदाच्या नावाने लिहावे: ‘मा. तहसीलदार, श्रीवर्धन’, अधिकारी बदलला तरी पत्र योग्य टेबलावर जाते. फर्मला ‘मेसर्स’, व्यक्तीला ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’. व्यवसाय चालवणाऱ्या स्त्रीला तिच्या पतीच्या किंवा मुलाच्या नावाने पत्र पाठवणे हा तिच्या कर्तृत्वाचा अनादर होय. पतीच्या निधनानंतर दुकान सांभाळणाऱ्या स्त्रीला पहिले पत्र सांत्वनाचे जावे, हिशेबाचे त्यानंतर आणि स्वतंत्र. आणि त्यातील बाकीचा तपशील नेहमीपेक्षा अधिक उलगडून लिहिलेला असावा, कारण जुने व्यवहार तिच्या डोळ्यांसमोर झालेले नसतात.

भारतात 1879 साली पोस्टकार्ड आले आणि व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार स्वस्त झाला. तरी उधारीची मागणी उघड्या कार्डावर न लिहिता बंद पाकिटातून करावी, हा सभ्यतेचा संकेत होता. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणी वाचू नये, एवढाच हेतू. आजचे उघडे कार्ड म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा गट. व्यापारी मंडळाच्या किंवा ज्ञातीच्या गटात एखाद्याची थकबाकी टाकणे म्हणजे निव्वळ रहोभ्याख्यान. फोनवर पाठवायचेच असेल तर वरील नमुन्याचे पत्र सही करून त्याचे छायाचित्र त्या एकाच व्यक्तीला, दुकानाच्या वेळेत पाठवावे, आणि मूळ पत्र टपालात टाकावे. इलेक्ट्रॉनिक नोंदींना 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली आहे. तथापि ज्या पिढीशी व्यवहार करायचा तिला कागदावरची सही अधिक विश्वासाची वाटत असेल, तर त्या भावनेचा मान राखणे हाही विनय.

एक संकेत विशेषतः जैन पेढ्यांनी पाळण्यासारखा आहे. संवत्सरीनंतर ‘मिच्छामि दुक्कडं’ लिहिलेली क्षमापनापत्रे शेकड्यांनी छापून जातात. त्याच पाकिटात बिलाची आठवण किंवा नव्या मालाची जाहिरात घालू नये. दोन्हींचे मोल कमी होते. शिवाय ज्यांच्याशी वर्षभर गोडीगुलाबीच होती त्यांना छापील पत्र पुरेसे असते. ज्याच्याशी वहीतल्या एका नोंदीवरून बोलणे तुटले आहे, त्याला मात्र ते पत्र पेढीच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने, पूर्ण नाव घालून लिहावे. त्यात हिशेबाचा विषय नसावा. हिशेबाचे पत्र महिन्याभराने, वेगळ्या जावक क्रमांकाने जावे. पहिल्या पत्राने दार उघडलेले असेल, तर दुसऱ्या पत्राला सही मिळणे फारसे कठीण जात नाही.

विनयाची गणना आभ्यंतर तपात केली आहे. दिवाळीच्या वहीपूजनाला नवी वही आणताना अनेक घरांत तरुण पिढी पेढीवर बसू लागते. तिला संगणकावरील हिशेब सहज येतो. तिच्या हाती जावक नोंदवही देऊन, वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून बाकीची पहिली दहा पत्रे तिच्याकडून लिहून घ्यावीत: पूर्ण पत्ता, अक्षरी रक्कम, कुशलाची एक खरी ओळ आणि उत्तरासाठी जोडलेले पाकीट यांसह. त्या दहा पत्रांतून ग्राहक कोण आहेत, कोणाकडे काय अडचण आहे आणि घराण्याचा शब्द बाजारात कसा राखला जातो, हे तिला कळू लागेल.